तीनदा विचारलेला कौल

आंबेखोल, ता. मालवण
११ ऑगस्ट १९५८

चिरंजीव गुरुदास,

काकाचा आशीर्वाद घे. पावसाने जरा उसंत दिली म्हणून आज लिहायला बसलो. मचवे सगळे वर ओढून झावळ्यांखाली घातले आहेत आणि माणसं घरात बसून एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढताहेत. पावसाळ्यात आपल्या गावाला दुसरा धंदा नसतो, हे तुला ठाऊक आहे. माझे गुडघे कुरकुरतात, बाकी बरं आहे. तुझी वहिनी सावित्री आणि तिची मथुरा बऱ्या आहेत असं ऐकतो.

तुझ्याकडे एक काम आहे. तू मुंबईत पोरांना इंग्रजी शिकवतोस, तेव्हा तुला ते जड जाणार नाही. सोबतच्या चिठोऱ्यावर एक इंग्रजी शब्द आहे. मी तो एकेक अक्षर बघून बघून काढला आहे, चुकलं असेल तर समजून घे. मास्तरांच्या विमलाच्या पुस्तकात आला आणि मास्तर रजेवर गेलेत. पोरगी मला विचारते, जशी काही मी विलायत बघून आलोय. त्याचा अर्थ काय, कुठल्या प्रसंगी वापरतात आणि तो मुळात आला कुठून, हे सविस्तर कळव. घाई नाही, पण लवकर कळव.

तुझा काका,
भिकाजी

•

गिरगाव, मुंबई
१८ ऑगस्ट १९५८

तीर्थरूप भिकाजीकाकांच्या पायांवर डोकं ठेवून,

तुमचं अक्षर छान आलंय. एकही चूक नाही. माझ्या वर्गातल्या पोरांना हा शब्द घातला असता तर निम्म्यांनी तो मोडून ठेवला असता.

शब्द आहे ‘मिसअ‍ॅडव्हाइज’. अर्थ सोपा: एखाद्याला चुकीचा सल्ला देणं. आपला उंटावरचा शहाणा जे करतो ते. बोलण्यात फारसा येत नाही; कोर्टकचेरीत, सरकारी कागदात जास्त. वकिलाने अशिलाला भलतंच सांगितलं आणि अशील बुडाला, की हा शब्द बाहेर निघतो. विमलाच्या पुस्तकात तो कसा शिरला कोण जाणे, पुस्तक जरा वरच्या इयत्तेचं दिसतंय.

आता मूळ. तुम्ही विचारलंत म्हणून काल शाळेतला मोठा कोश काढून बसलो आणि जेवायचं विसरलो. ‘मिस’ म्हणजे वाईट, चुकीचं. खरी गंमत ‘अ‍ॅडव्हाइज’मध्ये आहे. तो फ्रेंचांकडून आला आणि त्यांच्याकडे लॅटिनमधून. त्याच्या पोटात ‘पाहणं’ आहे. जुने फ्रेंच लोक म्हणत, ‘मला असं दिसतं’, आणि त्या ‘दिसतं’चा पुढे सल्ला झाला. म्हणजे सल्ला देणारा मुळात एवढंच म्हणत होता, की बाबा, मला हे असं दिसतंय, पुढचं तुझं तू बघ. आपला ‘सल्ला’ मात्र अरबी-फारसीतला. त्याच्या मुळाशी भलं असणं आहे. त्यामुळे ‘वाईट सल्ला’ म्हणताना आपण वाईट भलं म्हणतो की काय, असं मला काल वाटत राहिलं. शिकवण्याचा धंदा माणसाला असा बिघडवतो.

दत्तारामदादाला जाऊन तीन महिने होत आले. रस्त्यात पाठमोरा कोणी रुंद खांद्यांचा माणूस दिसला की अजून पाय थांबतात. वहिनीला दोन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. तुमच्याकडे ती रोज येत असेलच. तिला म्हणावं, मथुराकडून तरी चार ओळी लिहवून घे.

तुमचा,
गुरुदास

•

आंबेखोल
२६ ऑगस्ट १९५८

चिरंजीव गुरुदास,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. ‘मला असं दिसतं’ हे फार आवडलं. विमलालाही सांगितलं.

पण पोरगी चिकित्सक निघाली. ती विचारते, सल्ला देणाऱ्याला खरोखरच तसं दिसलं आणि पुढे भलतं घडलं, तर त्याला हा शब्द लावायचा का? आणि त्याला दिसलं एक आणि त्याने सांगितलं दुसरं, तर मग कुठला शब्द? ह्या दोन गोष्टींचा इंग्रजीत काही भेद असेल तर कळव. कोशात बघूनच लिही, मनाने लिहू नकोस.

सावित्रीचं म्हणशील तर तिला कामं असतात. मीही फारसा बाहेर पडत नाही. देवळातही गेलो नाही महिनाभर. आता गुरवच सगळं बघतो.

भिकाजी

•

गिरगाव, मुंबई
२ सप्टेंबर १९५८

तीर्थरूप काकांना नमस्कार.

विमला अकरा वर्षांची आहे. तिला मी जूनमध्ये दादाच्या कार्याला आलो तेव्हा पाहिलं, ती चिंचा खात होती. तिला असले प्रश्न पडत नाहीत.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. कोश एवढा बारीक भेद करत नाही. माझं मत विचाराल तर पहिला माणूस चुकला, त्याला हा शब्द लावता येईल. दुसऱ्याला नाही. दिसलं एक आणि सांगितलं दुसरं, त्याला मिसअ‍ॅडव्हाइज म्हणत नाहीत. त्याला फसवणं म्हणतात.

आता माझा प्रश्न. तुम्ही पंचवीस वर्षं रवळनाथाला कौल लावता. ताप असतानाही देवळाची पायरी चुकवली नाहीत. महिनाभर गेला नाहीत म्हणजे काय? हा शब्द कुठल्या कागदावर आला? तो कागद कोणी पाठवला? आमचे वडील गेल्यावर तुम्ही आम्हा दोघा भावांना वाढवलंत. माझ्यापासून लपवण्यासारखं तुमच्याकडे काही असेल असं मला वाटत नव्हतं.

गुरुदास

•

गिरगाव, मुंबई
२९ सप्टेंबर १९५८

काकांना नमस्कार.

तुमचं उत्तर आलं नाही. आता त्याची गरजही उरली नाही.

परवा सत्यवान माझ्या खोलीवर आला. दादाचा मचवा समुद्रात फुटला त्यातून जे दोन खलाशी वाचले त्यातला तो एक, म्हणून मी त्याला दारातच मिठी मारली. गोदीत काम शोधायला आलाय. जेवायला बसवलं. घास घेता घेता तो मध्येच थांबला आणि म्हणाला, एक गोष्ट पोटात ठेवून मला अन्न गोड लागत नाही.

त्याने सांगितलं ते असं. मे महिन्याच्या चोविसाव्या तारखेला दादा आणि तुम्ही कौल घ्यायला देवळात गेलात. बाकीचे खलाशी बाहेर वडाखाली बसले होते. सत्यवान पाणी प्यायला आत आला आणि त्याने खांबाआडून पाहिलं. पाषाणावर चिकटवलेल्या दोन कळ्यांपैकी उजवी आधी पडली तर देवाचा होकार आणि डावी पडली तर नकार, हे मी पाळण्यात असल्यापासून जाणतो. डावी पडली. तुम्ही पुन्हा लावल्यात. पुन्हा डावी पडली. तो घाबरून बाहेर गेला. थोड्या वेळाने तुम्ही बाहेर येऊन म्हणालात, “उजवो दिल्यान.” दोनदा डावा मिळाला हे तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत. तिसऱ्या दिवशी दादा गेला आणि त्याच्याबरोबर आणखी दोन घरं उघडी पडली.

सत्यवान हेही म्हणाला, की मचव्याच्या मालकाने बंदर खात्याला लिहून दिलंय, देवळातल्या माणसाने मचवा हाकणाऱ्या तांडेलाला, म्हणजे दादाला, चुकीचा सल्ला दिला म्हणून मचवा निघाला. त्याचीच नोटीस तुम्हाला इंग्रजीत आली. तो शब्द विमलाचा नव्हता, तुमचा होता. आणि त्याचा अर्थ तुम्ही मला विचारलात, ज्याचा सख्खा भाऊ त्या शब्दाने मेला. मी कोश उघडून, जेवण विसरून तुम्हाला त्याचं मूळ सांगत बसलो. मला स्वतःची लाज वाटते आणि तुमचा राग येतो. इतका राग मला आयुष्यात कोणाचा आला नाही.

वहिनी तुमच्याकडे येत नसेल तर बरोबर करते.

गुरुदास

•

आंबेखोल
७ ऑक्टोबर १९५८

चिरंजीव गुरुदास,

सत्यवान खोटं बोलणारा नव्हे. त्याने जे पाहिलं ते घडलं. जे त्याने पाहिलं नाही ते मी सांगतो.

दोनदा डावा पडल्यावर मी हात धुतले आणि दत्तारामला म्हटलं, झालं, मचवा वर ओढ. तो हलला नाही. म्हणाला, “काकानू, आणि एकदा लावा.” मी म्हटलं, देवाला तेच तेच विचारू नये. तेव्हा तो म्हणाला, तेच नका विचारू, दुसरं विचारा. तुला माहीत आहे, आपल्यात प्रश्न फिरवून विचारता येतो. माझ्या बापानेही फिरवला होता, त्याच्या बापानेही. जाऊ का म्हणून विचारल्यावर देव नको म्हणतो, तर मग जायचंच झालं तर काय, असं विचारतात. मी गाऱ्हाणं घातलं, “बा देवा, ह्या लेकराच्या पाठीशी उभो रवशीत मां?” उजवी पडली. पडणारच. पाठीशी उभा राहणार नाही असं कुठला देव म्हणेल?

बाहेर येऊन मी एवढंच सांगितलं, की उजवा दिला. कुठल्या प्रश्नाला दिला ते सांगितलं नाही. दत्तारामचा चेहरा उजळला होता, तो मला मोडवेना. तुझ्या आईबापामागे मी त्या पोराला नाही म्हणायला कधी शिकलोच नाही. तू लिहिलंस त्याला फसवणं म्हणतात. होय, म्हणत असतील.

सावित्रीने मला दार बंद केलं आहे. गावाने देवळातून उतरवलं. दोन्ही मला मान्य आहे. २० नोव्हेंबरला मालवणच्या बंदर कचेरीत चौकशी आहे, तिथे मी हेच सांगणार. तू येऊ नकोस. शाळेची रजा फुकट घालवू नकोस. माझं मी निस्तरीन.

भिकाजी

•

गिरगाव, मुंबई
१४ ऑक्टोबर १९५८

काकांना नमस्कार.

मी येणार. वहिनीच्या बाजूला उभा राहायला त्या दिवशी घरचं कोणीतरी हवं.

तुमचं पत्र वाचून राग थोडा निवळला, खोटं कशाला बोलू. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. दादा असा नव्हता. वीस मेनंतर त्याने कधी मचवा पाण्यात ठेवला नाही. दक्षिणेकडे ढगाची एक चिंधी दिसली तरी तो दोर आवळायला लागे. खलाशी त्याला भित्रा तांडेल म्हणून चिडवायचे आणि तो हसायचा. असा माणूस दोन डावे कौल बघून तिसऱ्यांदा लावा म्हणून हटून बसतो, ते का? मुंबईला न्यायचे आंबे आणि काजू कुजतील म्हणून? आंब्यासाठी दादा मरायला जाणारा नव्हता.

कोणीतरी त्याचे कान भरले असणार. त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवून स्वतः कोरडा राहिलेला माणूस कोण, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या पत्रात ती एक जागा तुम्ही उडी मारून ओलांडलीत. मी पोरांचे निबंध तपासतो, गाळलेली ओळ मला लगेच दिसते. मला त्या माणसाचं नाव हवंय. चौकशीत मी ते नाव मोठ्याने घेईन आणि त्याला सगळ्यांसमोर विचारीन, की तू आता रात्री झोपतोस कसा.

नाव कळवा. नाही कळवलंत तर सत्यवानला घेऊन मी आठ दिवस आधी येतो आणि घरोघर विचारतो.

गुरुदास

•

आंबेखोल
२१ ऑक्टोबर १९५८

चिरंजीव गुरुदास,

तू घरोघर विचारत फिरू नकोस. सोबत एक कागद आहे. त्या दिवशी देवळात दत्तारामने तो माझ्या हातात दिला, तुम्हीच वाचा म्हणाला. परत द्यायचा राहिला. चौकशीच्या आधी तो मी चुलीत घालणार होतो, तीनदा चुलीपर्यंत गेलो. त्याच्या हातातली शेवटची वस्तू म्हणून जाळवली नाही.

मला माफ कर. जेवल्यावर वाच.

काका

•

गिरगाव, मुंबई
९ नोव्हेंबर १९५८

काका,

पत्र मिळाल्याला पंधरा दिवस झाले. आज पेन धरवतंय.

मी ते विसरलो नव्हतो. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. चौदा मेला दादाला पत्र टाकलं ते मला पक्कं आठवत होतं. पण टपालाला कधी चार दिवस लागतात, कधी बारा. तो निघून गेल्यावर ते पोचलं असेल, असं मी जूनमध्येच मनाशी ठरवून टाकलं. कार्याला आलो तेव्हा वहिनीला किंवा तुम्हाला एका शब्दाने विचारलं नाही, की माझं पत्र आलं होतं का. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. म्हणून विचारलं नाही.

काय लिहिलं होतं मी. मुंबई बंदरातल्या लाँचवर सारंगाची, म्हणजे मुख्य खलाशाची, जागा रिकामी आहे, एक जूनला माणूस निवडतात, साहेब माझ्या ओळखीचा आहे. तुझं आयुष्य शिडाच्या मचव्यावर संपायला नको. तू म्हणशील पाऊस. तर मी रोज इंग्रजी पेपर वाचतो, यंदा केरळातच पाऊस उशिरा पोचणार म्हणतात, आपल्याकडे यायला जूनचा मध्य उजाडेल. आपले लोक अजून बगळे आणि ढग बघत बसतात. बेलाशक नीघ.

‘बेलाशक’खाली मी दोन रेघा मारल्या आहेत.

पेपरात छापलं होतं ते केरळच्या पावसाबद्दल. पाऊस यायच्या आधी समुद्रात जी वावटळ उठते तिच्याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. मला त्यातलं काही कळत नाही. मी गिरगावात छपराखाली बसून, ज्या माणसाने वीस वर्षं दर्या वाचला त्याला दर्या शिकवला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे मी वर्गात फळ्यावर लिहून मुलांकडून त्याचा विस्तार करून घेतो.

आणि दादाने ऐकलं. मला हे सगळ्यात जास्त टोचतं. देवाने दोनदा नको म्हटलं, पण धाकट्या भावाने इंग्रजीत वाचलंय म्हटल्यावर त्याने देवाला तिसऱ्यांदा विचारायला लावलं. त्याला माझा एवढा अभिमान होता. मी त्या अभिमानाला लायक नव्हतो.

तुम्ही पाच महिने हे पोटात ठेवलंत. मी तुम्हाला जे जे लिहिलं ते आठवून मान वर होत नाही. मी चौकशी अधिकाऱ्याला लेखी जबानी पाठवतोय, पत्राच्या नकलेसकट. वहिनीलाही वेगळं लिहितोय.

गुरुदास

•

आंबेखोल
१३ नोव्हेंबर १९५८

चिरंजीव गुरुदास,

हे पत्र मी कणकवलीला जाणाऱ्या शेजारच्या भाईच्या हाती देतो, तिथून एस.टी.च्या टपालात पडलं तर तुला लवकर मिळेल. जबानी पाठवू नकोस. वहिनीला लिहू नकोस. काकाची आज्ञा समज.

तुला कसं सांगू. मला साठ उलटली. लोक माझ्याकडे बघून तोंड फिरवतात, फिरवू देत. माझ्यासारख्या म्हाताऱ्याचं तोंड बघण्यासारखं राहिलंय कुठे. पण सावित्रीला आता माणूस एकच, तू. मथुराचं उद्या लग्न निघेल, मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला तुझ्यासारखा सख्खा काकाच लागेल ना. सावित्रीचा राग माझ्यावर आहे तोवर तो राग एका जागी बसलाय. तो तू उठवलास आणि स्वतःच्या अंगावर घेतलास, तर ती कोणाच्या खांद्यावर रडेल? खरं बोलून तुझं मन हलकं होईल, कबूल. तिच्या डोक्यावर आणखी एक ओझं चढेल त्याचं काय?

मी सांगतो ते अर्धं तरी खरंच आहे. कौल मी लावला. प्रश्न मी फिरवला. तुझ्या पत्राने त्याचा हात धरला, पण होडीत पाय त्याने माझ्या शब्दावर टाकला. मग माझं नाव पुरेसं नाही का?

माझं ऐक. एवढं एकदा ऐक.

काका

•

गिरगाव, मुंबई
१६ नोव्हेंबर १९५८

काका,

तुमचं पत्र आज मिळालं. जबानी अकरा तारखेला रजिस्टर केली होती. वहिनीचं पत्र मात्र खिशातच होतं. तुमचं वाचून दिवसभर फिरलो आणि संध्याकाळी ते पेटीत टाकलं.

तुमची आज्ञा मोडली, पहिल्यांदाच. वहिनीने माझ्यासाठी दार बंद केलं तर मी अंगणात बसेन. पण तुमच्या आडोशाला उभा राहून तिच्या घरात जेवणं मला जमणार नाही. घास गिळवणार नाही. शाळेने चौकशीसाठी रजा दिली नाही, नाताळच्या सुट्टीत येतो.

तिथे काय झालं ते जसंच्या तसं लिहा. मला सांभाळून लिहू नका.

गुरुदास

•

आंबेखोल
२४ नोव्हेंबर १९५८

चिरंजीव गुरुदास,

तू सांभाळून लिहू नका म्हणालास, तेव्हा तसंच लिहितो.

चौकशी तासाभरात आटोपली. अधिकारी तरुण होता, मान खाली घालून लिहायचा. आधी मालक बोलला, मग दुसरा वाचलेला खलाशी गणपत, मग मी. मी सगळं सांगितलं, दोन डाव्यांसकट. मग त्याने तुझी जबानी काढली आणि कारकुनाकडून मराठीत वाचून घेतली. सावित्री मागच्या बाकावर मथुराला घेऊन बसली होती. मी वळून बघितलं नाही, माझी छाती झाली नाही. शेवटी अधिकारी म्हणाला, सल्ला कोणीही देवो, मचवा काढायचा की नाही हे तांडेलाचं तांडेलाने ठरवायचं असतं, सबब कोणावर ठपका नाही. त्याने कागद मिटले. नोटिशीतल्या त्या इंग्रजी शब्दावर त्याने एक आडवी रेघ मारली, मी बघितली. मालक मोकळा झाला, मी मोकळा झालो, तूही. सगळे मोकळे.

मी परत चालत आलो. दोन दिवस कोणी फिरकलं नाही. परवा दुपारी सावित्री आली. मे महिन्यानंतर पहिल्यांदा ती माझ्या दारापुढच्या खळ्यात आली. तुझं पत्र तिच्या हातात होतं. मी पाट दिला, ती बसली नाही. मी म्हटलं, मुली, जे बोलायचं ते बोल. मला वाटलं ती तुझ्याबद्दल बोलेल. मी तुझी बाजू कशी मांडायची ते ठरवून ठेवलं होतं.

ती शांतपणे म्हणाली, “काकानू, तुमी देवाक तीनदा इचारल्यात. गुरुदासान मुंबयच्या पेपराक इचारल्यान. माका कोणी इचारल्यान?”

मग तिने सांगितलं. कौल घेतला तेव्हा दत्तारामला तीन दिवस ताप होता. रात्री अंग भाजायचं आणि उजव्या हाताला थरथर सुटली होती, पेज प्यायला वाटी धरवत नव्हती. त्याने तिला बजावलं होतं, कोणाला सांगू नकोस, तांडेलाला ताप आहे कळलं तर खलाशी पाय ठेवणार नाहीत. गणपत त्या दिवशी कचेरीत म्हणालाच होता, की सुकाणू त्याच्या हातून निसटलं. आम्ही सगळ्यांनी ते लाटेवर घातलं. वाऱ्यावर घातलं.

मी तिला विचारलं, तू मला येऊन का सांगितलं नाहीस? एका शब्दाने सांगितलं असतंस तर मी मचव्याच्या दोराला मिठी मारून बसलो असतो. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी विचारलं ते परत घ्यावंसं वाटलं. “सांगूक निघाललंय,” ती म्हणाली. “देवळाच्या पायरीपर्यंत इललंय. तितक्यात तुमी भायर इल्यात आणि म्हणाल्यात, उजवो दिल्यान. देव हो म्हणता, मगे मी काय बोलतलंय?”

ती पायरीपाशी होती, गुरुदास. वडाखालची माणसं मला दिसली, ती दिसली नाही. डोक्यावर पदर होता एवढंच आठवतं, कोणीतरी बाई उभी आहे असं वाटलं होतं.

तू बेलाशक लिहिलंस, मी प्रश्न फिरवला, ह्याचं तिला फारसं काही नाही. ती म्हणाली, पुरुषमाणसं चुकतात. तिला आपण दोघांनी विचारलं नाही, ह्याचा राग आहे, आणि तो राग ती मरेपर्यंत ठेवणार असं तिने मला तोंडावर सांगितलं. तिचं बरोबर आहे.

जाताना तिने निरोप दिला, तो लिहितो. नाताळात ये. अंगणात बसायची गरज नाही, घरात जेवायला वाढीन म्हणते. मथुराला मालवणच्या शाळेत घालायचं की इथेच ठेवायचं, हे तेव्हा ठरवू. पण तू मुंबईहून काही ठरवून येऊ नकोस, आणि मी देवाला काही विचारायचं नाही. आधी ती बोलणार, आपण दोघांनी ऐकायचं.

मी हो म्हटलं आहे, तुझ्या वतीनेही.

काका